घरची संध्याकाळची प्रार्थना, तीन वयांची पोरं आणि पंधरवड्यातून एकदा येणारे पाळक

कपाशीचं_बोंड (धागा सुरू करणारे)

जय ख्रिस्त. प्रश्न खेड्यातल्या घरांपुरता आहे, नागपूर-अमरावतीच्या मोठ्या मंडळ्यांचा (चर्चचा) नाही. गावात ख्रिस्ती घरं तीन-चार, पाळक पंधरा दिवसांतून एकदा येणार, संडे स्कूल म्हणावं असं काही नाही. एका घरात 6, 10 आणि 15 वर्षांची मुलं. कौटुंबिक प्रार्थना सुरू केली की आठवडाभर नीट चालते. मग धाकटं झोपतं, मधलं चुळबुळ करतं आणि मोठा मोबाइल घेऊन ओसरीवर जातो. वेळ किती ठेवावी, वाचावं काय, तिघांना एका चटईवर कसं बसवावं? नेमकं सांगा. "प्रार्थनेत राहा, प्रभू मार्ग दाखवील" हे माहीत आहे, ते परत नको.

कंदील

आधी वेळ बांधा. दहा मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. गीताची एक-दोन कडवी, 8 ते 12 वचनं, त्यावर दोन प्रश्न, शेवटी प्रत्येकाची एकेक वाक्याची प्रार्थना. मुलांना अजून बसायचं असेल तरी दहाव्या मिनिटाला उठा. उद्या बसायला तीच मुलं आधी येतील.

जेवणाआधी बसा. पोटात भाकरी गेली की सहा वर्षांचं पोर आडवं होतंच, त्यात त्याचा दोष नाही. वेचणीच्या दिवसांत बाई शेतातून दिवेलागणीला येते आणि तशीच चुलीपाशी बसते. तेव्हा वेगळी बैठक मांडू नका, चुलीपुढेच करा. पिठाचे हात असले तरी तिला गीत म्हणता येतं, आणि पोरं तिथे भुकेने आपोआप जमलेली असतात.

वाचायला मार्कचं शुभवर्तमान. 16 अध्याय, 678 वचनं. रोज 10 धरली तर 68 दिवस, खाडे धरून तीन महिने. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सलग सुरुवात करू नका. निर्गमाच्या विसाव्या अध्यायापर्यंत गाडी जोरात जाते, पुढे निवासमंडपाची मापं आणि लेवीय लागलं की चाक रुतलंच म्हणा.

डिसेंबरात बरीच घरं लूक घेतात, 1 तारखेपासून 24 पर्यंत रोज एक अध्याय. हिशेब छान जुळतो, पण लूकचा पहिलाच अध्याय 80 वचनांचा आहे. लहान पोरं घरात असतील तर पहिले दोन अध्याय आठवडाभर पुरवा आणि बाकीचे मोठ्या मुलाने स्वतः वाचावेत.

पांदण

कंदील भाऊनं बरोबर सांगतलं. त्याच्यात माही एक भर. प्रार्थना म्हंजे बापाचं भाषण नोको. लय घरी काय होते, बाप डोये मिटते अन् देवाले सांगते, "प्रभू, ह्या पोट्ट्याले अभ्यासाची बुद्धी दे, ह्याचा मोबाइल सुटू दे." पोट्ट्याले समजते ना बावा, हे देवाले नाई, मले सांगून रायले. मंग चार दिवसांनं थो प्रार्थनेच्या टायमाले बाहीर पयते अन् आपण म्हणतो पोट्टं बिघडलं. जे बोलाचं असन थे डोये उघडे ठेवून बोला, प्रार्थनेच्या बाहीर. प्रार्थनेत नाव घ्याचंच असन तं आभार मानाले घ्या. "आज ह्यानं ढोरायले पाणी पाजलं, धन्यवाद." बस.

अन् आजी. आजी सुरू झाली की सोयरे, ढोरं, पाव्हणे, सरपंच, साऱ्यायले घेते. तिले रागवू नका, तिचा नंबर शेवटी ठेवा. तवरिक लहानं निजलं तरी चालते.

संडेस्कूलची_पाटी

तीन वयांचं उत्तर असं की कामं वाटून द्या. नुसतं ऐकायचं काम कोणालाच ठेवू नका. पंधरा वर्षांचा वाचेल. दहा वर्षांची एक प्रश्न काढेल, तोही असा की उत्तर वाचलेल्या दहा वचनांतच सापडलं पाहिजे. सहा वर्षांचं गीत निवडेल आणि टाळ वाजवेल. रोज तेच गीत निवडेल. निवडू द्या.

पाठांतरासाठी साधी पाटी पुरते. 10 ते 15 शब्दांचं वचन सोमवारी पाटीवर पूर्ण लिहायचं, सगळ्यांनी दोनदा म्हणायचं. मंगळवारी दोन-तीन शब्द पुसायचे आणि मोकळ्या जागेसकट म्हणायचं. रोज अजून थोडे पुसत जायचं. शनिवारी पाटी कोरी असते आणि वचन तोंडात. पुसायचा मान धाकट्याचा, ह्या एका गोष्टीसाठी ते संध्याकाळची वाट बघतं. सुरुवातीला क्रियापदं पुसू नका. आधी "आणि", "तो", "मी" असे बारके शब्द, मग नामं, क्रियापद शेवटी. उलट केलं तर बुधवारीच वाक्य मोडतं आणि मूल अंदाजाने काहीतरी भरतं. एकदा चुकीचं बसलं की निघता निघत नाही.

संदर्भ वचनाच्या आधी आणि नंतर असा दोनदा म्हणायचा, नाहीतर वचन राहतं आणि पत्ता हरवतो. झालेलं वचन दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने परत विचारा. वर्षाला 52 चा हट्ट नको, 25 पक्की झाली तरी भरपूर. बक्षीस म्हणून पैसे देऊ नका. पैसे थांबले की पाठांतर थांबतं.

सहा वर्षांच्याला योहान 3:16 लगेच देऊ नका, लांब आहे. स्तोत्र 23 चं पहिलं वचन, 1 थेस्सलनीकाकरांस 5:16, स्तोत्र 56:3 इथून सुरू करा.

जुनी_मंडळी

हे सगळं ठीक. पण बायबलचं भाषांतर जुनंच ठेवावं. मंडळीत उपासनेला तेच वाचतात. घरी सोपं आणि मंडळीत जुनं असं झालं की मुलाचं पाठांतर धड इकडचं राहत नाही, धड तिकडचं. शिवाय दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारं ठरलेलं वचन) ह्या तीन गोष्टी अर्थ कळो न कळो, दहा वर्षांच्या आत पाठ झाल्याच पाहिजेत. अर्थ मागाहून येतो.

दाखलेवाली

पाठांतराबद्दल काकांशी सहमत. एकच भाषांतर धरावं हेही बरोबर, विशेषतः मुलं जिल्ह्याच्या शास्त्रपाठ स्पर्धेला बसणार असतील तर. "अर्थ मागाहून येतो" इथे मात्र अडचण आहे. अर्थ मागाहून येत नाही, दुसराच अर्थ आधी येऊन बसलेला असतो. शास्त्रातले नेहमीचे शब्द खेड्यातल्या मुलाच्या कानावर रोज पडतात, पण वेगळ्या कामासाठी.

"तारण" घ्या. सोयाबीनचा भाव पडला की माल बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवतात, हे दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं. मग "येशू आपलं तारण" म्हणजे तिच्या डोक्यात काय उभं राहील? तिला तारणे ह्या क्रियापदाकडे न्या. पुरातून पैलतीराला नेणं, बुडत्याला वर काढणं. तारू, तारक हे शब्द त्याच घरातले. मग मार्क 4 मधलं वादळ वाचा.

"दाखला" म्हणजे तहसीलचा नाहीतर शाळेचा. "येशूने दाखला दिला" ऐकून मुलं हसतात, आणि त्यांचं हसणं रास्त आहे. दाखवून देतो तो दाखला, एवढं एकदा सांगितलं की पुरतं.

"खंडणी" सगळ्यात वाईट. मार्क 10:45 ला हा शब्द येतो आणि आजच्या मुलाला खंडणी म्हटलं की गुंड आठवतो. बातम्यांत तोच अर्थ. तिथे थांबून सांगावं लागतं की ही बांधलेल्या माणसाला सोडवायला भरलेली किंमत आहे, आणि येशू ती मागत नाही, स्वतः भरतो.

आणि "पवित्र आत्मा". गावात आत्मा म्हणजे पिंपळावरचा. लहान मूल रात्री हा शब्द ऐकून घाबरतं आणि कोणाला सांगत नाही. त्याला तळहात तोंडापुढे धरून फुंकर मारायला सांगा. इब्री "रूआख" आणि ग्रीक "न्यूमा" ह्या दोन्ही शब्दांत श्वास, वारा आणि आत्मा तिन्ही आहेत. योहान 3:8 मध्ये येशू वाऱ्याचंच उदाहरण घेतो. दिसत नाही, पण पानं हलतात. हे पटलं की भीती जाते.

जुनी_मंडळी

खंडणीचं मान्य. तो शब्द आमच्या वेळी इतका नासला नव्हता.

धुरा

दाखल्यांचंच पुढे नेतो. विदर्भातल्या पोरांना येशूचे दाखले समजवायला चित्रं विकत आणायची गरज नाही, शेत घराला लागून आहे. पण दोन ठिकाणी फसगत होते.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, मत्तय 20. सोप्पं म्हणून लोक कापूस वेचणीचं उदाहरण देतात. ते चालत नाही. वेचणी किलोवर असते. जिने कमी वेचला तिला कमी पैसे, ह्यात कोणालाच अन्याय वाटत नाही, आणि तासभर काम करून पूर्ण पैसे मिळाले तर मूल म्हणतं वजनात गडबड झाली. दाखल्यातलं काम रोजाचं आहे. म्हणून निंदणाचं उदाहरण घ्या. सकाळी आठला आलेल्या बाईला रोज, दुपारी चारला आलेल्या बाईलाही पूर्ण रोज. लगेच दहा वर्षांची पोर म्हणेल, "हे बरोबर नाही." तिला तिथेच थांबवा, उत्तर देऊ नका. दाखला त्याच कुरकुरीसाठी आहे. मग एवढंच विचारा की चारला आलेल्या बाईच्या घरी रात्री किती भाकरी लागतात.

दुसरा, क्षमा न करणाऱ्या चाकराचा, मत्तय 18:21 ते 35. दहा हजार तालांत आणि शंभर दीनार हे आकडे मुलांना नुसते मोठे वाटतात. हिशेब करायला लावा. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एक तालांत म्हणजे 6,000 दीनार. रोज 300 रुपये धरला तर शंभर दीनार होतात 30,000 रुपये. दहा हजार तालांत म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी, 1,800 कोटी रुपये. एवढी कर्जमाफी घेऊन बाहेर पडलेला माणूस 30,000 साठी दुसऱ्याची मानगूट धरतो. पोरगं स्वतः वहीत गुणाकार करतं तेव्हा जे होतं ते सांगून होत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत "ऋण" शब्द आहे, तोही त्याच दिवशी उलगडतो.

पण घरावर खरंच कर्ज असेल आणि बँकेचा माणूस येऊन गेला असेल, तर त्या आठवड्यात हा दाखला घेऊ नका.

पेरणाऱ्याचा दाखला करूनच बघा. चार तुटकी टोपली किंवा खोकी, प्रत्येकात मुगाचे 10 दाणे. पहिल्यात पांदणीची माती ठोकून घट्ट करा, दाणे वरच ठेवा आणि टोपलं अंगणात उघडं राहू द्या. दुसऱ्यात तळाला गिट्टी आणि वर दोन बोटं माती, म्हणजे बरड. तिसऱ्यात हराळीचा मुळासकट खणलेला ठोंब लावा आणि त्याच्या आत दाणे टोचा. चौथ्यात वीतभर काळी माती आणि मूठभर शेणखत. चौथ्या दिवसापर्यंत सगळ्यांना सारखं पाणी, मग दिवसाआड बेताचं.

पहिलं चिमण्या-साळुंक्या साफ करतात. मजा दुसऱ्यात आहे. बरडातला मूग चौथ्याच्या बरोबरीने, कधी आधीच वर येतो, कारण खाली जायला जागा नाही आणि पातळ माती लवकर तापते. मार्क 4:5 मध्ये तेच लिहिलंय, लवकर उगवलं. पोरं म्हणतात हाच जिंकणार. पाणी दिवसाआड झालं की उन्हात तोच पहिला मान टाकतो. हराळीतला मरत नाही, नुसता पिवळट आणि लांबुडका होतो, त्याला बाराएक दिवस लागतात. तेवढे दिवस रोज संध्याकाळी टोपली बघायची आणि तीच वचनं वाचायची. पावसाळ्यात करू नका, बरडालाही पाणी मिळत राहतं आणि प्रयोग फसतो. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बरा.

संत्रावाला

मोर्शी-वरुडकडच्यांसाठी भर. योहान 15 मधल्या द्राक्षवेलीपेक्षा आपल्या पोरांना डोळा बांधलेली कलम जास्त कळते. जंबेरीच्या (आंबट लिंबाच्या जातीच्या) खुंटावर संत्र्याचा डोळा. रोमकरांस 11 मध्ये पौल कलमाचंच बोलतो, फक्त त्याचं उदाहरण जैतुनाचं आहे. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला बागेत नेऊन डोळ्याच्या खालून फुटलेले जंबेरीचे फुटवे काढायला लावा आणि तिथेच हा अध्याय काढा. फुटवे ठेवले तर झाड जोमात दिसतं, पण फळ जंबेरीचं येतं. जास्त बोलू नका, त्याला कळतं.

जपमाळ

कॅथलिक घरांकरिता. पूर्ण जपमाळ 59 मण्यांची, 53 "नमो मरिया" आणि 6 "हे आमच्या बापा". लहान मुलं असतील तर रोज पाचही दशकं ओढू नका. एक दशक घ्या: एक "हे आमच्या बापा", दहा "नमो मरिया", एक त्रित्वगौरव (पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याची छोटी स्तुती). तीन-चार मिनिटं लागतात. ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, वाढवा हवं तर. दशकाआधी त्या दिवसाच्या रहस्याचं (येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगाचं) शुभवर्तमानातलं एक वचन वाचलं तर जप नुसता तोंडचा राहत नाही. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची रहस्यं. प्रकाशाची 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडली, म्हणून घरातल्या जुन्या पुस्तिकेत सापडणार नाहीत.

मुलांना स्वतःची माळ करायची हौस असते. सुती दोरीला दहा गाठी मारून एका दशकाची करा. रानातल्या गुंजांचे मणी अजिबात नको. दिसायला सुंदर, लाल-काळे, पण बी विषारी आहे. भोक पाडलेली गुंज लहान मुलाने चावली तर जीवावर बेतू शकतं.

कपाशीचं_बोंड

एवढं मिळेल वाटलं नव्हतं. पाटी, टोपली, एकेक वाक्याची प्रार्थना हे लिहून घेतलं. आता मोठ्याकडे या. 15 च्या पुढे पाटी चालत नाही. शिवाय दोन गोष्टी राहतात. वर्गातली पोरं म्हणतात "तुमचा देव इंग्रजांचा". आणि पोळा, गणपती, महाप्रसाद आला की काय करायचं?

तुरीची_शेंग

मोठ्याला चटईवर बसण्याचा हट्ट आठवड्यातून तीन दिवसांवर आणा आणि एक दिवस पूर्ण त्याच्या ताब्यात द्या. शनिवारी तोच चालवेल, गीत, वाचन, सगळं. वाईट चालवेल, पाच मिनिटांत उरकेल. मध्ये बोलू नका, नंतरही सुधारणा सांगू नका. घरात जबाबदारी आणि मंडळीतही: पेटी, ढोलकी, माइकची जुळणी, शास्त्रवाचन, लहानांच्या वर्गात मदत. नुसतं बाकावर बसवून ठेवलेलं पोरगं अकरावीला होस्टेलला गेलं की चर्चची वाट विसरतं.

वाचन त्याच्यासोबत वेगळं, आठवड्यातून एकदा, अर्धा तास. एकाच माणसाने बसायचं, बाप किंवा माय, दोघांनी मिळून नाही, नाहीतर ती चौकशी होते. मार्कचा एक अध्याय आणि तीन प्रश्न: इथे काय घडलं, येशू कसा दिसला, तुला काय खटकलं. तिसरा प्रश्न खरा. "काहीच नाही" असं पहिले तीन-चार आठवडे येईल. मग एकदम येईल: डुकरांच्या कळपाचा काय दोष, अंजिराचं झाड का वाळवलं, डायनासोर कुठे गेले. उत्तर ठाऊक नसेल तर वहीत लिहा, पाळक आले की वही त्यांच्यापुढे ठेवा. ऐनवेळी काहीतरी बनवून सांगितलं तर अर्ध्या तासात ते मोबाइलवर पडताळून बघतं आणि मग तुमचं बाकीचंही खोटं ठरतं. शंका घेणाऱ्याला दटावणाऱ्यांनी लूक 2:46 बघावं. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतो आणि प्रश्न विचारतो. मार्क 9:24 मधला बाप तर एकाच दमात विश्वास आहे म्हणतो आणि माझा अविश्वास घालव म्हणतो, आणि त्याचं लेकरू बरं होतं.

मोबाइलबद्दल नियम एकच, सगळ्यांना सारखा. त्या वेळात बापाचाही फोन फळीवर. ऑडिओ बायबल लावायचं असेल तर फ्लाइट मोड करून लावा, आधी उतरवून घेतलेलं असलं की वीज-नेटवर्क गेल्याचीही अडचण नाही. मार्क पूर्ण ऐकायला दीडएक तास लागतो, मळ्यात पाणी देता देता होतो.

रविवारच्या सकाळची शिकवणी उपासनेच्या वेळेवर येते, तिचं आधीच, जूनमध्ये, क्लास लावतानाच बोला. मार्चमध्ये भांडून उपयोग नाही.

अजून एक, जड आहे पण ह्या जिल्ह्यांत टाळता येत नाही. गावात कोणी शेतकऱ्याने जीव दिला की घरातलं पोरगं विचारतं, देव कुठे होता. "पापाचं फळ" हे उत्तर देऊ नका. योहान 9:3 आणि लूक 13:1 ते 5 मध्ये येशू तो हिशेब मोडतो. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर बरे होते, बोलायला लागले आणि बिघडले. त्या आठवड्यात स्तोत्र 13 वाचा, सहाच वचनं आहेत. सोसवत असेल तर 88, ते अंधारातच संपतं आणि तरी शास्त्रात आहे. स्वतःच्याच पोराच्या बोलण्यात जगणं नको असं काही आलं, तर नुसती प्रार्थना करून झोपू नका. त्याला एकटं सोडू नका आणि टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416 वर फोन लावा, मराठीत बोलतात.

कंदील

"इंग्रजांचा देव" ह्यावर भांडण शिकवण्यापेक्षा पोराच्या हातात चार गोष्टी द्या. येशू आशियातला, बेथलेहेमचा. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं, सुमारे 11 हजार ओव्या, मराठीत. नारायण वामन टिळकांनी भजनाच्या चालीवर गीतं लिहिली, ती आपण अजून टाळावर म्हणतो. पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये निघालं. मुलींना हे मुद्दाम सांगा.

आणि आपल्या भागातलं. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. यवतमाळात 1953 पासून 1983 ला पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी (पाळक घडवणारं विद्यालय) होती. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच झाली. सुट्टीत पोराला मंडळीच्या जुन्या बाप्तिस्मा नोंदवहीतून आपल्या घराण्याची नावं उतरवायला लावा, पाळकांना विचारून. पणजोबाचं नाव मोडी वळणाच्या अक्षरात सापडलं की चिडवणाऱ्यांचं एवढं काही वाटत नाही.

पांदण

प्रसादाचं म्हणान तं, आमच्याइकडं सरळ आहे. नाई खात. पण पोट्ट्याले नाई म्हणाची रीत शिकवा लागते. हात जोडून म्हणाचं, "काकू, आमच्यात प्रसाद नाई खात, पोयाची पुरणपोयी मात्र आठवणीनं ठेवजा." कोनाले राग येत नाई. राग येते थो पोट्टं तिथं शास्त्र सांगाले लागलं तं.

जपमाळ

सगळ्या घरांत एकच रीत नाही, हेही मुलांना सांगावं. 1 करिंथकरांस 8 आणि 10 मोठ्या मुलासोबत पूर्ण वाचा. पौल तिथे दोन्ही बाजू बघतो, मूर्तीच्या भोजनात वाटेकरी होऊ नका म्हणतो आणि बाजारात जे विकतं ते खुशाल खा असंही म्हणतो. पाटावर ठेवलेला प्रसाद आणि शेजारणीने नंतर डब्यात दिलेलं जेवण ह्यात फरक करायचा की नाही, हे घराने पाळकांशी किंवा फादरांशी बोलून एकदा ठरवावं. दरवेळी दारात उभं राहून मुलाने ठरवायचं नाही. त्याच्यावर ते ओझं फार होतं. बैलांना सजवायला, धुवायला जाण्यात कोणालाच हरकत नसावी.

संपादक

प्रसादावर इथेच थांबू. दुसऱ्यांच्या देवाधर्माबद्दल वेडंवाकडं लिहिलेले दोन प्रतिसाद काढले आहेत.

संडेस्कूलची_पाटी

नाताळ तोंडावर आहे म्हणून विचारते. येशूच्या जन्माचा गोठा (देखावा) घरी करायचा, काळ्या मातीची मेंढरं-मेंढपाळ वाळले की तडकतात. दरवर्षी योसेफाची मान जाते.

धुरा

नुसती काळी माती तडकणारच. पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तेच. चाळलेली काळी माती दोन वाट्या, बारीक रेती एक वाटी, गव्हाचं बारीक कुटार (भुसा) मूठभर. आदल्या रात्री भिजवून ठेवा, सकाळी कणकेसारखं मळा. मान आणि पाय वेगळे करून चिकटवू नका, एकाच गोळ्यातून ओढून काढा. मान बारीक ठेवायचीच असेल तर आत काडी घाला. चार-पाच दिवस सावलीत, पहिल्या दिवशी ओलं फडकं झाकून. उन्हात ठेवलं की बाहेरून वाळतं, आत ओलं राहतं आणि तिथेच फुटतं. रंग पूर्ण वाळल्यावर.

रोज एकच बाहुली ठेवा, लूक 2 जसजसं पुढे जाईल तशी. ज्ञानी लोक मत्तय 2 चे आहेत, त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून 6 जानेवारीपर्यंत रोज थोडं पुढे सरकवा. बाळ 24 च्या रात्री. तोवर ते धाकट्याकडे सांभाळायला द्या, पण काडेपेटीत कापूस घालून, नाहीतर खिशातच चुरा होतं.

पांदण

बैल बनवूच नका. तान्ह्या पोयाचा (लहान पोट्ट्यायच्या पोयाचा) लाकडी नंदी माळ्यावर पडला असन, थोच झटकून गोठ्यात उभा करा. फक्त चाकं काढा, नाईतं पोट्टे रात्रभर ओढत बसतात.